येडू भगताच्या बोलण्याचा अर्थ

माझ्या बापाचं नाव येडू. हे नाव त्याला सत्तर वर्षं मुळीच शोभलं नाही आणि शेवटच्या तीन वर्षांत असं शोभलं, की बारशाला ते ठेवणाऱ्या आत्याबाईच्या तोंडात साखर घालावी. गंमत अशी, की तो शहाणा होता तेव्हा त्याला फक्त आमचं गाव मानत होतं, आणि खरोखर येडा झाला तेव्हा सगळी पंचक्रोशी त्याच्या पाया पडू लागली. लोकांच्या अकलेविषयी मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यात आलं. तरी सविस्तर सांगतो, कारण त्यात माझीही अक्कल दिसायची आहे.

आमचं गाव मंद्रूपच्या पलीकडं तीन कोसांवर. काळी जमीन, बाभळी, आणि गावाबाहेर बिरोबाचं ठेंगणं देऊळ. आम्ही धनगर. मेंढरं आमची, देव आमचा, आणि दर चैत्रात जत्रेला भाकणूक सांगायचा मान आमच्या घराचा. भाकणूक म्हणजे देवानं भगताच्या तोंडून सांगितलेलं वर्षाचं भविष्य. भगतानं सकाळपासून उपाशी राहायचं, अंगावर काळं घोंगडं आणि हातात वेत घ्यायचा, आणि भर दुपारी देवळासमोरच्या शिळेवर अनवाणी उभं राहायचं. ढोल वाजतात, भंडारा उधळतात, भगताच्या अंगात वारं येतं आणि तो बोलतो. पाऊस कधी, पीक कसं, रोगराई कुठं. बोलून झालं की पाच दिवस त्यानं देवळातच राहायचं, घरी पाऊल टाकायचं नाही, आणि त्या पाच दिवसांत बाईमाणसानं त्याला शिवायचं नाही. का, ते विचारू नका. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा थोबाडीत बसली होती.

माझ्या बापाला अक्षराची ओळख नव्हती, पण लबाडीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी सात-आठ वर्षांचा असताना त्याच्याबरोबर मेंढरांमागं हिंडायचो, तेव्हाच मला देवाचं गुपित कळलं. जत्रेआधी पंधरा दिवस हा माणूस ओढ्याकाठची सुगरणीची घरटी बघत फिरायचा. टिटवीनं अंडी ओढ्याच्या पात्रात घातलीत की वर बांधावर, हे बघायला मैलभर वाट वाकडी करायचा. मुंग्या आपली अंडी कुठं नेतात ते उकिडवं बसून बघायचा. मग मंद्रूपच्या बाजारात मडिवाळप्पा आडत्याच्या दुकानापुढं बसून ज्वारी-करडईचा रंग काय दिसतो, ते गोडीगुलाबीनं त्याच्याकडून काढून घ्यायचा. परत येताना तोंडातल्या तोंडात घोकायचा, रोहिणी कोरडी, मिरगाचा भरवसा न्हाय, उत्तरंत पानी, हस्तात सोनं. आठ दिवसांनी हेच शब्द डोळे फिरवून, घुमत घुमत बाहेर यायचे आणि पाटलासकट सगळं गाव मान डोलवायचं. आमच्याकडं पाऊस येतो तो उत्तरा-हस्तातच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण तेच देवानं सांगितलं की नवल वाटायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्याला हुशार म्हणून सोडून दिला असता. पण त्यानं देव माझ्यावर घातला.

गावात तिसरीपर्यंतची शाळा होती. मी तीत जाऊ लागलो, आणि मास्तर म्हणू लागले की ह्या पोराला मंद्रूपला पुढं शिकवा. बापाला मेंढरांमागं माणूस हवा होता. आईला तो अडवू शकला असता, मास्तरांना अडवणं जड होतं, कारण मास्तरांच्या बाजूला पाटील होते. त्या चैत्रात शिळेवर उभा राहून, पावसाचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "धनगराचं पोर अक्षर शिकंल, लांडगा दिवसा मेंढरात शिरंल." नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती, कारण गावात पाटी घेतलेलं धनगराचं पोर एकच होतं. शे-दोनशे माणसांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःच सांगितलं, की बाबा, तू येऊ नकोस. देवाशी कोण भांडणार? बापाशी भांडता आलं असतं, म्हणून तर त्यानं देव मधे घातला.

सहा वर्षं मेंढरांमागं काढून सोळाव्या वर्षी मी मेंढरं ओढ्यात तशीच सोडली आणि चालत सोलापूर गाठलं. गिरणीत बॉबिनी गोळा करण्यापासून सुरुवात केली, रात्रशाळेत सातवी केली आणि यथावकाश हजेरी कारकून झालो. पांढरा कोट, काळी टोपी, कानाला शिसपेन. चार वर्षं बापाला तोंड दाखवलं नाही. मग लग्न झालं, केराबाई घरात आली, तिनं रीतभात शिकवली आणि मी दर चैत्रात जत्रेला जाऊ लागलो. आईसाठी जातो, असं मी सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. बाप कधीतरी त्या शिळेवर सगळ्यांसमोर चुकावा, आणि चुकेल तेव्हा मी समोर असावा, अशी माझी इच्छा होती. माणसाची इच्छा पुरी व्हायला वेळ लागतो, पण होते.

सन एकोणतीसच्या चैत्रात मी गेलो तेव्हा आईनं मला दारातच थांबवलं. आईचं नाव मायाक्का. बारीक चणीची, जिभेनं तिखट बाई. ती मला हळूच म्हणाली, की म्हातारं अलीकडं जरा इसराळू झालंय. जरा म्हणजे किती, ते मला तासाभरात दिसलं. बाप जेवून उठला आणि पुन्हा ताटावर बसून जेवण मागू लागला. वहाणा त्यानं पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवल्या होत्या. मला त्यानं दोनदा विचारलं, पाव्हणं कुटलं? मी सोलापूरचा म्हणालो. तो म्हणाला, सोलापुरात आमचं बी एक पोरगं हाय, पर त्ये काय कामाचं न्हाय.

हे आईनं वर्षभर झाकून ठेवलं होतं. तो रस्ता चुकला की ही काहीतरी आणायला धाडलं होतं म्हणून सांगायची. त्याला शब्द आठवेनासे झाले होते, पण त्याला काय हवंय ते तिला कळायचं. तो 'पानी सुटलं' म्हणाला की तिनं त्याला हाताला धरून परसात न्यायचं, एवढं ते सोपं होतं.

दुपारी त्याला शिळेवर चढवलं. ढोल घुमले, भंडाऱ्यानं हवा पिवळी झाली, आणि बाप गप्प. ढोल थांबले तरी गप्प. तो लोकांकडं असं बघत होता, की एवढी माणसं आपल्या दारात कशाला आली आहेत, तेच त्याला कळेना. देवळाचा कारभार बघणारा आमच्या भाऊकीतला महिपती वहाणा काढून पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "देवा, बोला." मी गर्दीत अगदी पुढं होतो. आज हा पडणार, मी मनात म्हणालो, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

बाप कळवळून म्हणाला, "पानी... पानी सुटलं." आणि त्याचं धोतर भिजलं. पिंडऱ्यांवरून ओघळ शिळेवर आला आणि शिळेवरून मातीत गेला.

मग महिपतीनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, की देवानं पाणी सोडलं, औंदा पाऊस पायाखाली वाहील. चांगभलं झालं, ढोल फुटायच्या बेताला आले, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, की पंचक्रोशीतली जाणती, पागोटीवाली माणसं वाकून वाकून माझ्या बापाच्या मुताची माती कपाळाला लावत होती. मंद्रूपचा मडिवाळप्पा आडत्या, ज्याच्याकडून देव भाव विचारून घेत असे, त्यानं थोडी माती रुमालात बांधून घेतली.

मी हसलो. माझं हसू मला आवरेना. बायकांच्या बाजूला आई उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग मला हसू येईना. पाच दिवस तिला त्याला शिवता येत नव्हतं, म्हणून ते धोतर मी ओढ्यावर नेऊन धुतलं. धुताना मला त्याची घृणा आली, लोकांची आली, आणि मधेच, कारण नसताना, तो मला खांद्यावर बसवून हाच ओढा ओलांडायचा ते आठवलं. ते मी धोतराबरोबर पिळून टाकलं.

आणि त्या वर्षी पाऊस पडला. ओढ्याला पूर आला, देवळाची पायरी बुडाली. आंधळ्याच्या हाती ससा लागावा तसा माझा बाप मोठा झाला. दर सोमवारी आमच्या दारात गाड्या सुटू लागल्या. अक्कलकोटकडची कानडी बोलणारी माणसं यायची, पार टेंभुर्णीकडची यायची. बाप म्हणायचा, भाकर दे. लोक म्हणायचे, सुकाळ सांगितला. बाप शिवी द्यायचा. लोक म्हणायचे, शत्रूचा नाश. पूर्वी हाच माणूस सरळ, समजेल असं सांगत होता, तेव्हा गावाबाहेर त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता त्याच्या बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता, म्हणून अर्थाला मागणी आली.

ती मागणी माझ्याकडंच आली. सन तीसच्या जत्रेत महिपतीनं मला शिळेशेजारी ओढलं आणि म्हणाला, "तू शिकल्याला हायस. देव बोलंल, तू अर्थ सांग."

मला हा विनोद फार आवडला. ज्या शिळेवरून माझी शाळा सुटली, तिच्याशेजारी मी शिकलेला म्हणून उभा. बाप त्या दिवशी म्हणाला, "दार लावा. कुत्री आत आली." ही आमच्या घरातली रोजची तक्रार होती, भाकरीची टोपली खाली राहिली की कुत्री यायची. मी घसा खाकरला आणि सांगितलं, की मोठ्या शहराची दारं बंद होतील, बाहेरचं कोणीतरी आत शिरेल, ज्यानं त्यानं आपलं घर धरून राहावं. मिठाचा सत्याग्रह चालू होता, गिरणीत सगळे कुजबुजत होते की सोलापुरात काहीतरी भडकणार. मी ऐकलेलं घोकून सांगितलं. सुगरणीची घरटी बघून सांगण्यात आणि ह्यात फरक काय, असं तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी भांडलो असतो.

महिनाभरात सोलापुरात गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला, गोरे सोजीर रस्त्यात उभे राहिले. केराबाई आणि मी चाळीत दार लावून बसलो होतो तेव्हा मला त्या कुत्र्यांची आठवण झाली. उन्हाळा सरल्यावर गावी गेलो तर वेशीत म्हातारी माणसं माझ्या पायाला हात लावायला आली. मी मागं सरलो, पण फार मागं सरलो नाही.

त्या दिवाळीनंतर आई तापानं पडली म्हणून मी बापाला पंधरा दिवस सोलापूरला आणलं. शेजारी विणकाम करणारी तेलुगू कुटुंबं, भिंतीपलीकडं मागाची खटखट, पहाटे गिरणीचा भोंगा. भोंगा झाला की हा उठून मेंढरं हाकायला चाळीच्या जिन्यापर्यंत जायचा. शेजारच्या नागम्माच्या दारात त्यानं दोनदा बसून घाण केली. केराबाईनं मुकाट्यानं काढली, मी मात्र कोट घालून तोंड फिरवून कामावर गेलो. दिवस कलला की तो दारात उभा राहून एकच धोशा लावायचा, घरी चल, घरी चल. घर कुठं म्हणून विचारलं तर त्याला सांगता येत नसे. हे बोलणं मी इतकं ऐकलं, की ते ऐकू येईनासं झालं. पंधराव्या दिवशी महिपती चार माणसं घेऊन सर्व्हिस मोटारीनं आला आणि म्हणाला, देव गावाचा हाय, शहरात ठेवता येणार न्हाय. मी जरा वाद घातल्यासारखं केलं. मोटार निघून गेल्यावर मी गादी उन्हात टाकली आणि मला सणावारासारखं मोकळं वाटलं.

पुढच्या चैत्रात, सन एकतीसच्या, मी जत्रेच्या आदल्या दिवशी गावी पोचलो. बाप अंगणात बसला होता, गुडघे छातीशी, हाडांवर नुसतं कातडं. पाय सुजले होते. तो हसला, पण कोणाला, ते कळलं नाही. आईनं मला चुलीपाशी बसवलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "सिदू, ह्या साली त्याला उभं करू नगो. उपाशी, उनाचं, त्या धोंड्यावर. आन मग पाच दिस मला शिवू देत न्हाईत. त्यो मरंल की रं. महिपतीला माजं बायामानसाचं कोन ऐकनार? तुजं आयकत्यात. तू सांग, त्येचं डोस्कं गेलंय, अंगात वारं न्हाय. येवढं सांग."

मी म्हणालो, सांगतो. तिनं विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. सोपी गोष्ट होती. गेली दोन वर्षं मी चाळीत हेच सांगून लोकांना हसवत होतो.

मी महिपतीकडं गेलो. त्याच्या ओसरीवर पंच बसले होते, आबासाहेब पाटीलही होते. मी येताच पाटील सरकून बसले आणि त्यांनी माझ्यासाठी घोंगडीवर जागा केली. धनगराच्या पोराला पाटलांनी शेजारी बसवलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. चहा आला, तो कपबशीतून. महिपतीनं आतून एक नवा फेटा आणला, गुलाबी, जरीच्या काठाचा, आणि म्हणाला, हा अर्थ सांगणाऱ्याचा मान. दूरदूरच्या गावांची माणसं येणार आहेत, कलेक्टर कचेरीतला एक कारकूनसुद्धा येणार आहे. मी म्हणालो, म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही. महिपती म्हणाला, देव सांभाळील. पाटील म्हणाले, "शिकलेला मुलगा शेजारी असताना त्यांना काय होतंय?"

त्या लोकांची मला कीव येत होती, किळस येत होती. मुताची माती कपाळाला लावणारी ही माणसं. आणि त्यांनी शेजारी बसवलं म्हणून माझी मान ताठ झाली होती. मी मनाशी ठरवलं, की एवढं वर्ष होऊन जाऊ दे, पुढच्या साली सांगू. घरी आल्यावर आईनं नुसतं तोंडाकडं बघितलं. मी म्हणालो, ऐकत नाहीत. फेटा मी महिपतीकडंच ठेवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापाला दोघांनी काखेत धरून शिळेवर उभं केलं. ऊन असं होतं, की देवळाच्या कळसाकडं बघवत नव्हतं. मी गुलाबी फेटा बांधून शेजारी उभा. माणसं झाडांवर चढली होती. ढोल वाजले आणि थांबले. महिपती म्हणाला, देवा, बोला.

बाप एक पाय उचलत होता, तो टेकवून दुसरा उचलत होता. लोक म्हणाले, देव नाचतोय. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. दोन वर्षं त्यानं मला पाव्हणा म्हणून बघितलं होतं. ह्या वेळी तसं बघितलं नाही. त्याचे डोळे अगदी स्वच्छ होते. त्यानं मला ओळखलं होतं, फेट्यासकट ओळखलं होतं.

तो हळू आवाजात, घरच्या माणसाशी बोलावं तसा बोलला. "सिदू, मला घरी ने रं. पाय भाजत्यात."

मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. काय म्हणाले, काय म्हणाले, असा गलका झाला. महिपती माझ्याकडं वळला. पाटील वळले. तो कचेरीतला कारकून मान पुढं काढून बघत होता. मला फक्त एवढंच करायचं होतं, की एक पाऊल टाकायचं, त्याला उचलून खांद्यावर घ्यायचं आणि चालू लागायचं. त्याचं वजन एखाद्या मेंढराएवढंही राहिलं नव्हतं. वाटेत कोणी उभं राहिलं नसतं. उभं राहिलं असतं तर मी देवाचंच नाव घेतलं असतं, मला ते येत होतं.

"अर्थ सांगा, कारकूनसाहेब," पाटील मला म्हणाले.

मी अर्थ सांगितला. मी मोठ्यानं म्हणालो, की देव म्हणतो, गिरण्यांत गेलेली पोरं घरी येतील. जमीन तापेल, पाय भाजतील, पण पोरं आपल्या घरी येतील.

ज्यांची पोरं सोलापुरात होती त्या बाया ओक्साबोक्शी रडू लागल्या. माझ्यावर एवढा भंडारा पडला, की डोळ्यांत गेला आणि थोडा वेळ मला काही दिसलं नाही. दिसू लागलं तेव्हा बापाला देवळात नेलेलं होतं. शिळेशेजारी, बायकांच्या बाजूला, सगळ्यांत पुढं आई उभी होती. ती बोलणं ऐकू येईल इतकी जवळ होती, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी रजा संपली म्हणून मी सोलापूरला परतलो. ह्यात खोटं काही नाही, रजा खरोखर संपली होती. निघताना देवळात डोकावलो. तो घोंगड्यावर भिंतीकडं तोंड करून निजला होता आणि तळव्यांना फोड आले होते. माणसं पायाशी नारळ फोडत होती. आई बाहेरच्या कडुनिंबाखाली बसून होती, आत जाता येत नव्हतं म्हणून. तिनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. चौथ्या दिवशी बाप देवळातच वारला. पाचवा दिवस सरला असता तर त्याला घरी आणता आलं असतं. सांगावा आला तेव्हा मी हजेरीच्या खिडकीत बसलो होतो.

त्याचं दहावं-बारावं थाटात झालं, महिपतीनं सगळं केलं. लोक म्हणाले, देवाजवळ असताना मरण आलं, असं भाग्य कोणाला? मी मान डोलवली. त्याचा मला आता सराव झाला होता. आई रडली नाही आणि मला एका शब्दानं काही बोलली नाही. ती बोलली असती तर माझ्याकडं उत्तरं तयार होती. तो रोजच घरी चल म्हणायचा, चाळीतही म्हणायचा, भर घरात बसून म्हणायचा. त्याला घर म्हणजे काय ते कळत नव्हतं. ही सगळी उत्तरं माझ्याकडं आहेत, अजूनही आहेत, पण ती ऐकून घ्यायला कोणी विचारत नाही. लहानपणी माझी शाळा त्यानं बुडवली, म्हणून मी असं केलं, हेही मी स्वतःला सांगून बघितलं. ते खरं असतं तर बरं झालं असतं. खरं एवढंच, की फेटा चांगला बसला होता.

माझं भविष्य मात्र बापाच्या भविष्यापेक्षा खरं निघालं. मंदी आली, आमच्या गिरणीची रातपाळी बंद झाली, निम्मे कारकून कमी केले, त्यात मी. शेकडो पोरं गाठोडी घेऊन आपापल्या गावी निघाली. मी आणि केराबाई सन बत्तीसच्या वैशाखात मंद्रूपला मोटारीतून उतरलो आणि तिथून चालत निघालो. माझ्या वहाणेचा अंगठा तुटला होता, म्हणून दोन्ही वहाणा मी हातात घेतल्या. गावाच्या वेशीवर महिपती भेटला. तो हात जोडून म्हणाला, की तुमी सांगितलंत तसंच झालं की, आता शिळा तुमचीच. मी तसाच पुढं चालत राहिलो.

आई अंगणात ज्वारी पाखडत होती. ती आता वाकली होती. माझ्या पायांकडं तिनं बघितलं, ते लाल झाले होते. केराबाई पाया पडून आत गेली. मी तसाच उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "आये, मी घरी आलो."

तिनं सूप खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता; एखाद्या सोमवारी दारात आलेल्या परक्या बाईनं विचारावं, तसं तिनं विचारलं.

"व्हय? आन ह्याचा अर्थ काय रं?"